मैदानाचा मक्ता

नाशिकला बाहेरगावचा माणूस येतो तो बहुधा गोदावरीच्या निमित्ताने, नाहीतर द्राक्षांच्या; परंतु येथे जन्म काढलेल्याच्या कानांत जो आवाज मुरलेला असतो तो पाळी सुटल्याच्या भोंग्याचा असतो. नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय आणि सारे गाव ज्याला नोट प्रेस म्हणते ते चलार्थपत्र मुद्रणालय, ओझरचा विमानांचा कारखाना, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, सिन्नरकडच्या विडी वळणाऱ्या बायका, लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्यांत कांद्याची पोती पाठीवर वाहणारे हमाल, अशा श्रमजीवी लोकांच्या या जिल्ह्यात संप, टाळेबंदी, मागणीपत्र, वेतनकरार हे शब्द पोरासोरांच्याही परिचयाचे आहेत, आणि कारखान्याच्या दारावर एखादा कागद चिकटला म्हणजे ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही त्यातला मजकूर दुरून उमगतो.

अशा गावात राहणाऱ्याला २०२५ च्या पावसाळ्यात भारतीय फुटबॉलमध्ये जे घडले त्याचे स्वरूप ओळखायला फार वेळ लागू नये. तेथे दार नव्हते, कुलूप नव्हते, दारावर चिकटवलेला कागदही नव्हता. तरी कित्येक शे माणसांचे काम एकाएकी थांबले, पुढे काहींचा पगार थांबला, आणि हे कोणी थांबवले असे विचारता प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवले. वर्तमानपत्रांनी त्याला 'पेच' म्हटले, 'अनिश्चितता' म्हटले, 'प्रशासकीय गोंधळ' म्हटले. टाळेबंदी असे मात्र क्वचितच कोणी म्हटले.

हंगाम तहकूब

प्रकरणाचे मूळ एका मक्त्यात आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी पंधरा वर्षांचा आणि सातशे कोटी रुपयांचा करार केला आणि देशातील फुटबॉलचे व्यापारी हक्क तिच्या स्वाधीन केले. या हक्कांच्या बळावर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली आणि ती चालविण्यासाठी फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट लिमिटेड ही स्वतंत्र कंपनी निघाली. कंपनीने महासंघाला दरसाल सुमारे पन्नास कोटी द्यावेत, महासंघाने आपला संसार त्यावर चालवावा आणि लीग कंपनीने चालवावी, अशी ही व्यवस्था होती. जुन्या महसुली भाषेत ज्याला इजारा म्हणत तो हाच प्रकार. फरक इतकाच, की येथे गावाऐवजी एक आख्खा खेळ लावून दिला होता.

या मक्त्याची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपणार हे दोन्ही पक्षांना पंधरा वर्षांपासून ठाऊक होते. तथापि महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होता आणि त्याचा निकाल लागेपर्यंत महासंघाने नवा करार करू नये असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्यामुळे नूतनीकरणाची बोलणी अडली. लीगचा हंगाम साधारणतः सप्टेंबरात सुरू होऊन वसंतात संपतो, म्हणजे तिसरा हिस्सा खेळून होतो न होतो तोच मक्ता संपणार. ११ जुलै २०२५ रोजी कंपनीने क्लबांना आणि महासंघाला कळविले, की पुढील व्यवस्था स्पष्ट होईपर्यंत २०२५-२६ चा हंगाम तहकूब ठेवण्यात येत आहे.

या एका पत्रानंतर जे झाले ते एखाद्या गिरणीच्या इतिहासात सहज खपून जाईल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरू एफसीने आपल्या मुख्य संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार बेमुदत थांबविल्याचे जाहीर केले. हा तोच क्लब, ज्याच्या अंगरख्यात सुनील छेत्रीने अर्धी कारकीर्द घालविली. चेन्नईयिनने मुख्य संघाचा कारभार थांबविला. ओडिशानेही आपल्या माणसांचे करार स्थगित केले. अकरा क्लबांनी महासंघाला पत्र धाडून बजावले, की मार्ग निघाला नाही तर आपल्याला दारे कायमची लावून घ्यावी लागतील. १९ सप्टेंबरला न्यायमूर्ती नरसिंह आणि न्यायमूर्ती बागची यांच्या पीठाने महासंघाच्या घटनेला मान्यता दिली आणि त्यानंतर निविदा निघाली. निवृत्त न्यायमूर्ती नागेश्वर राव यांच्या देखरेखीखाली निघालेल्या त्या निविदेत मक्तेदाराने महासंघाला वर्षाकाठी किमान ३७.५ कोटी रुपये द्यावेत अशी अट होती. ७ नोव्हेंबर ही मुदतीची तारीख. त्या दिवशी पेटी उघडली तेव्हा तीत एकही निविदा नव्हती.

बाजारात लिलावाला आलेल्या मालावर एकाही व्यापाऱ्याने बोली लावू नये याचा अर्थ लासलगावच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. मोहन बागानसारख्या शतकाहून जुन्या संस्थेने मुख्य संघाचे काम थांबविले. ११ नोव्हेंबरला खेळाडूंनी एकत्रित निवेदन काढून एवढेच मागितले, की आम्हांला खेळू द्या. वास्तविक कामगार संपावर जातो तेव्हा तो काम नाकारतो आणि मालक त्याला कामावर बोलावतो. येथे कामगार काम मागत होता आणि बोलावणारा कोणी नव्हता.

फातोर्ड्याचे काही क्षण

२४ डिसेंबरला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा आणि ताजिकिस्तानचा इस्तिक्लोल यांचा सामना होता. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेतला हा सामना. म्हणजे गोव्याच्या क्लबाला परदेशी संघांशी खेळायला मैदान होते आणि आपल्याच देशातील संघांशी खेळायला लीग नव्हती. पंचाने शिटी वाजविली, चेंडू मध्यावर होता, आणि गोव्याचे खेळाडू जागच्या जागी उभे राहिले. काही क्षण त्यांनी खेळ केला नाही. मग खेळ सुरू झाला.

क्लबाने हा निषेध आधीच जाहीर केला होता आणि तो स्पर्धेविरुद्ध किंवा प्रतिपक्षाविरुद्ध नाही असेही स्पष्ट केले होते. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की निषेध करणाऱ्या खेळाडूंच्या पाठीशी त्यांचा मालक उभा होता. नाशिकच्या कोणत्याही कामगार पुढाऱ्याला हे दृश्य चमत्कारिक वाटेल; कामगाराने काम थांबवावे आणि व्यवस्थापनाने त्याचे पत्रक काढावे असा प्रकार त्याने आयुष्यात पाहिलेला नसतो. पण ज्या व्यवसायात मालकच कोणा तिसऱ्याच्या मक्त्यावर जगतो तेथे असे होते. त्या क्षणांपुरते मालक आणि नोकर एका बाजूला होते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ते पुन्हा समोरासमोर येणार होते.

दोनच दिवसांनी, २६ डिसेंबरला, मँचेस्टर सिटीच्या मालकांचा जो सिटी फुटबॉल समूह, त्याने मुंबई सिटी एफसीमधून अंग काढून घेतल्याची वार्ता आली. २०१९ मध्ये या समूहाने क्लबाचे ६५ टक्के भाग विकत घेतले तेव्हा महाराष्ट्रातील फुटबॉलच्या भाग्योदयाची केवढी वर्णने झाली होती! क्लबाने त्यांच्या काळात लीग जिंकली, करंडक जिंकला; आणि लीगच्या भवितव्याविषयी खात्री उरली नाही म्हटल्यावर समूहाने आपले भाग संस्थापक मालकांच्या हवाली केले आणि पाठ फिरवली. भांडवलाला जे सुलभ होते ते पायांना नव्हते. खेळाडूचा करार चालू होता, दुसऱ्या क्लबाची दारे तशीच बंद होती, आणि परदेशी क्लबाकडून बोलावणे यावे एवढी कीर्ती लाखांत एखाद्याची.

२ जानेवारी २०२६ रोजी छेत्री, संदेश झिंगन आणि गुरप्रीत सिंग संधू यांच्यासह खेळाडूंनी चित्रफितीद्वारे थेट फिफाकडे धाव घेतली. ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी चौदाही क्लबांसह लीग १४ फेब्रुवारीपासून होईल असे घोषित केले. प्रत्येकाशी दोनदा खेळण्याऐवजी एकदाच खेळायचे, असे ९१ सामन्यांचे आटोपशीर वेळापत्रक ठरले आणि त्याप्रमाणे लीग सुरूही झाली. परंतु हंगाम निम्मा झाल्यावर पगारही कमी व्हावा अशी मागणी क्लबांकडून येऊ लागली. जो तोटा मक्तेदार, महासंघ आणि क्लब या तिघांच्या व्यवहारातून निर्माण झाला होता, त्याचा वाटा चौथ्याने उचलावा असे त्याचे तात्पर्य. आणि ज्याने सात महिने घरी बसून पाय मोकळे राखण्यासाठी गल्लीतल्या मैदानावर सराव केला त्याच्यापुढे 'हो' म्हणण्यावाचून फारसा पर्याय नव्हता.

मालक कोण?

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी अशी आपल्याकडे म्हण आहे. भारतीय फुटबॉलपटू तर तिन्ही घरचा पाहुणा आहे. त्याची नोंदणी महासंघाकडे असते आणि कोणत्या क्लबातून खेळता येईल हे त्या नोंदणीवर ठरते. त्याचा करार क्लबाशी असतो आणि पगार तेथून येतो. पण तो ज्या लीगमध्ये खेळतो तिचे प्रक्षेपण, प्रायोजक, वेळापत्रक आणि अस्तित्व हे सर्व २०२५ पर्यंत मक्तेदाराच्या मुठीत होते. पगार थकला तर क्लब म्हणतो, लीगचाच ठिकाणा नाही, आम्ही पैसा कोठून आणावा? मक्तेदार म्हणतो, मुदत संपत आली, आम्ही कोणत्या हक्काने लीग चालवावी? आणि महासंघ म्हणतो, न्यायालयाने आमचे हात बांधले आहेत. तिघांचीही उत्तरे आपापल्या जागी खोटी नव्हती, आणि यातच या तंट्याची खरी मेख आहे.

मालकांना खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. गेल्या दशकात लीगमधील बहुतेक क्लब तोट्यातच चालले. तिकिटांचे उत्पन्न तुटपुंजे, प्रक्षेपणाच्या पैशातील वाटा अपुरा, आणि विदेशी खेळाडू व प्रशिक्षक यांचा खर्च मात्र चढता. तथापि व्यवसायातला तोटा कोणी सोसावा याचे उत्तर प्रत्येक उद्योगाने देऊन ठेवलेले असते, आणि ते असे की जो नफ्याचा धनी तो तोट्याचाही धनी. खेळाडू नफ्याचा भागीदार कधीच नव्हता.

शिवाय हा दुखणेकरी २०२५ मध्ये अचानक आजारी पडला असेही नाही. मोहम्मडन स्पोर्टिंगचे रशियन प्रशिक्षक आंद्रेई चेर्निशोव यांनी जानेवारी २०२५ मध्ये तीन महिन्यांचा पगार थकल्याचे सांगून पद सोडले होते, आणि त्याच क्लबाच्या खेळाडूंनी थकबाकीपायी सरावाला जाण्याचे नाकारले होते. हैदराबाद एफसीचे अनेक खेळाडू त्यापूर्वीच्या हंगामात थकलेल्या पगारामुळे क्लब सोडून गेले आणि क्लबावर नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी आली. क्लबांच्या आर्थिक प्रकृतीची तपासणी करणारी परवाना-पद्धत महासंघाकडे आहे. परंतु २०२५ च्या छाननीत पंजाब एफसी वगळता एकाही क्लबाला ती निर्वेधपणे पार करता आली नाही, आणि सवलतीच्या शिक्क्यावर गाडा पुढे ढकलण्याची रीत तर जुनीच. ज्या परीक्षेत नापास झालेलाही वरच्या वर्गात जातो तिला परीक्षा का म्हणावे, हा प्रश्न राहतोच.

नोकरीचे फुटबॉल आणि कराराचे फुटबॉल

नाशिकचा असा व्यावसायिक क्लब नाही. देवळालीची छावणी ही पलटणींची वस्ती आणि पलटण तेथे फुटबॉल, या न्यायाने हा खेळ येथे जुना आहे. १९२५ मध्ये देवळालीला आलेल्या बार्न्स स्कूलसारख्या शाळांनी तो जोपासला. परंतु ज्या मुलाच्या पायात खरोखरच काही असेल त्याला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, आणि म्हणून त्या दोन शहरांतील दारांचे काय झाले हे पाहणे नाशिककरांच्या हिताचे आहे.

मुंबईचे जुने फुटबॉल हे कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचे फुटबॉल होते. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, गोदी, बँका: खेळाडूला संघात घेणे म्हणजे त्याला नोकरीत घेणे. पगार थोडा असे, पण तो पहिल्या तारखेला होत असे. गुडघा निकामी झाला तर माणूस मैदानावरून टेबलावर जाई, आणि साठीच्या सुमारास भविष्यनिर्वाह निधी घेऊन घरी. त्या व्यवस्थेतही लाचारी होती, वशिला होता. पण खेळणाऱ्या माणसाला कामगार म्हणून ओळख होती, हे विसरता येणार नाही.

या व्यवस्थेची जागा व्यावसायिक क्लबांनी घेतली आणि ते आवश्यकही होते. परंतु महाराष्ट्राचा अनुभव पाहिला तर या क्लबांची जंत्री स्मशानातल्या नोंदवहीसारखी वाटते. १९६२ पासून चालत आलेला आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये मालकांनी बंद केला. शालेय फुटबॉलकडे वळणार असल्याचे त्यांनी सांगितले. नोकरदारांचा एअर इंडिया संघ २०१३ मध्ये नव्या परवाना-निकषांत बसत नाही म्हणून आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेबाहेर गेला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला आणि दशकही पुरे करू शकला नाही. भारत एफसी एक हंगाम खेळून संपला. डीएसके शिवाजियन्स आय-लीगच्या दोन हंगामांनंतर नाहीसा झाला. एस्सेल समूहाचा मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला आणि मालकांनी तो गुंडाळला. सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. दहा वर्षांत एवढ्या क्लबांचे दिवाळे एका राज्यात वाजले. सहकारी साखर कारखाने असे बंद पडले असते तर विधानसभेत किती दिवस गदारोळ झाला असता?

या बंद पडण्यात एक समान गोष्ट आहे: एकाही वेळी खेळाडूंशी वाटाघाट झाली नाही. २०१३ मधील प्रकरण तर त्याहून बोलके आहे. नव्या लीगसाठी आयएमजी-रिलायन्सने अनेक नामांकित खेळाडूंशी थेट करार केले आणि लीग सुरू होईपर्यंत त्यांना आय-लीगच्या क्लबांना उसने द्यावे असे ठरविले. क्लबांनी मक्तेदाराशी असलेल्या भांडणातून अशा खेळाडूंना घेण्याचे नाकारले. भांडण मालकांचे आणि मक्तेदाराचे. पण मैदानाबाहेर बसण्याची पाळी आली ती खेळाडूंवर.

याउलट कोल्हापूरकडे पाहावे. तेथे पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस असे संघ हे पेठांचे आणि तालमींचे संघ आहेत, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला जी गर्दी लोटते ती पाहून लीगवाल्यांनी हेवा करावा. त्या संघांना कोणी विकत घेत नाही म्हणून कोणी बंदही करू शकत नाही. अर्थात तालमीच्या बळावर खेळाडूचे घर चालत नाही. अनिकेत जाधवसारख्या कोल्हापूरच्या मुलाला, जो २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, अखेर कराराच्याच फुटबॉलमध्ये उतरावे लागले. पेठेचे प्रेम आणि महिन्याचा पगार या दोन्ही गोष्टी एके ठिकाणी मिळतील अशी व्यवस्था अजून आपण उभी केलेली नाही.

समोर बसलेला प्रतिपक्ष

इंग्लंडात १९०१ पासून खेळाडूच्या आठवड्याच्या पगाराला कमाल मर्यादा होती. आरंभी ती चार पौंड होती आणि साठ वर्षांत चढत चढत वीसपर्यंत आली. करार संपला तरी क्लब खेळाडूला सोडण्यास बांधील नसे. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची हाक दिली, तारीख ठरली, आणि ती उजाडण्यापूर्वीच जानेवारी १९६१ मध्ये मालकांनी कमाल मर्यादा उठवली. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूने न्यूकॅसल क्लब सोडू देत नाही म्हणून खेळणेच थांबविले, काही महिने बुचे विकण्याच्या धंद्यात नोकरी केली, आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांच्याकडून ती अडवून ठेवण्याची पद्धत बेकायदेशीर ठरवून घेतली. १९९५ मध्ये बेल्जियमच्या बोस्मानने युरोपीय न्यायालयातून करार संपलेल्या खेळाडूचा मार्ग मोकळा केला.

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो निराळा. परंतु तेथील नॅशनल फुटबॉल लीगच्या मालकांनी २०११ मध्ये मार्च ते जुलै अशी चार महिन्यांहून अधिक काळ रीतसर टाळेबंदी पुकारली होती. सुमारे नऊ अब्ज डॉलरच्या वार्षिक उत्पन्नाची वाटणी कशी करायची हा वाद होता. मालकांचे प्रतिनिधी एका बाजूला, खेळाडूंच्या संघटनेचे दुसऱ्या बाजूला, मध्ये न्यायालये आणि मध्यस्थ. भांडण कडाक्याचे झाले आणि अखेर सामुदायिक करारावर सह्या होऊन हंगामातला एकही नियमित सामना न बुडता मिटले. तेथील मालक आपल्यापेक्षा उदार असतील असे समजण्याचे कारण नाही. १९८७ च्या संपात त्यांनी बदली खेळाडू उतरवून सामने रेटले होते. फरक एवढाच, की तेथे टाळे लावणाऱ्याचे नाव सर्वांना माहीत होते आणि ते उघडण्यासाठी कोणाशी बोलायचे हेही.

आपल्याकडे बायचुंग भूतिया यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. संघटना आहे, तिचे पुढारी प्रामाणिक आहेत. परंतु तिच्याशी सामुदायिक करार करण्याची जबाबदारी कोणावरही नाही, आणि आजवर तसा करार झालेला नाही. गिरणगावाने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकवला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले. पण कायद्याने मान्यताप्राप्त संघटना दुसरीच होती आणि सरकार त्या मान्यतेच्या आड उभे राहिले. संख्या होती, मान्यता नव्हती. फुटबॉलमध्ये आज संख्याही थोडी आणि मान्यता तर नाहीच.

कायद्याच्या चौकटीत खेळाडू

योगायोग असा, की ज्या नोव्हेंबरात निविदेची पेटी रिकामी निघाली त्याच महिन्याच्या २१ तारखेला देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेत टाळेबंदीची जी व्याख्या आहे ती १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून तशीच चालत आली आहे: कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम स्थगित ठेवणे, किंवा नोकरीत असलेल्यांना काम देण्याचे नाकारणे. जुलैतले ते पत्र आणि ऑगस्टमधल्या त्या घोषणा या व्याख्येशेजारी ठेवून वाचाव्यात. मग प्रश्न उरतो तो इतकाच, की फुटबॉलपटू हा कायद्याच्या दृष्टीने कामगार आहे काय? मोबदल्यासाठी शारीरिक, कुशल किंवा तांत्रिक काम करणारा तो कामगार, अशी संहितेची भाषा आहे. श्रमिक पत्रकारांचा आणि विक्री-प्रतिनिधींचा तीत नाव घेऊन समावेश केलेला आहे. खेळाडूचे नाव तीत नाही. शरीर झिजवून जगणाऱ्यांत ज्याचे शरीर सर्वांत लवकर झिजते, तिशी-पस्तिशीत ज्याचे काम संपते, त्याचे नाव घ्यावे असे कोणालाही सुचले नाही.

आज त्याच्या हाती जे आहे ते फिफाचे नियम. दोन महिन्यांचा पगार थकला, पंधरा दिवसांची लेखी मुदत देऊनही तो मिळाला नाही, तर खेळाडूला न्याय्य कारणास्तव करार मोडता येतो. नियम चांगला आहे. पण करार मोडून जायचे कोठे, जेव्हा सगळ्याच क्लबांना टाळे लागलेले असते? एका क्लबाच्या लबाडीवर हा उपाय आहे, आख्ख्या लीगच्या खोळंब्यावर नाही. फिफाने २०२० मध्ये बुडीत क्लबांच्या खेळाडूंसाठी एक कोटी साठ लाख डॉलरचा निधी उभारला होता. आपल्या देशात त्या धर्तीचे काहीही नाही.

माथाडीचा नमुना

आणि येथे मला आमच्या जिल्ह्यातील बाजार समित्यांकडे परत यावेसे वाटते. कारण या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ मध्येच शोधून ठेवले आहे, फक्त ते फुटबॉलसाठी शोधलेले नाही. माथाडी कामगाराची अडचण नेमकी हीच होती: आज या व्यापाऱ्याचा ट्रक, उद्या त्या अडत्याची पोती, परवा तिसऱ्याचे गोदाम; काम रोज, पण मालक कोणीच नाही, आणि म्हणून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान, औषधपाणी यांची जबाबदारीही कोणावर नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून झालेल्या माथाडी कायद्याने मालक शोधण्याचा नादच सोडून दिला. त्याने मंडळ उभे केले: मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि शासन. काम देणारा आणि काम करणारा दोघेही मंडळाकडे नोंदलेले. मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर लेव्ही, ज्यातून कामगाराच्या उद्याची तरतूद व्हावी. मालक कितीही बदलले तरी कामगाराचे खाते एकच राहते.

ही योजना निर्दोष आहे असे म्हणणारा नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही. हमाली-तोलाईवरील लेव्ही कोणी भरायची या वादात एप्रिल २०२४ मध्ये येथील बाजार समित्यांतील कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद पडले आणि त्याची झळ व्यापारी-माथाडी दोघांना सोडून शेतकऱ्यालाच अधिक लागली. पण त्या वादातही एक गोष्ट होती जी फुटबॉलमध्ये नाही: भांडण कोणाचे कोणाशी आहे, कोणत्या कायद्याखाली आहे आणि कोणत्या मेजावर मिटवायचे, याविषयी कोणालाही संदेह नव्हता.

फुटबॉलपटूंसाठी असे त्रिपक्षीय मंडळ स्थापण्यात अशक्य ते काय आहे? खेळाडूही दरसाल क्लब बदलतो. त्याचेही मालक येतात आणि जातात. हंगामापूर्वी प्रत्येक क्लबाने काही महिन्यांचा पगार मंडळात अनामत ठेवावा आणि तो न ठेवणाऱ्याला परवाना मिळू नये, सवलत कोणालाही नाही. प्रक्षेपणाच्या आणि खेळाडूंच्या हस्तांतराच्या प्रत्येक व्यवहारावर लेव्ही असावी. तिच्यातून निधी, विमा आणि तिशीनंतरच्या शिक्षणाची सोय व्हावी. व्यापारी हक्कांचा नवा मक्ता कोणालाही देण्यापूर्वी मंडळातील खेळाडूंच्या प्रतिनिधींची संमती लेखी घेतली जावी, आणि मक्ता संपण्याच्या निदान दोन वर्षे आधी पुढील व्यवस्था ठरविणे बंधनकारक असावे. यांतील एकाही गोष्टीसाठी कोट्यवधींचे नवे भांडवल लागत नाही.

क्लबांचे यावर म्हणणे असेल, की अशा अटींनी उरलेले मालकही पळून जातील. असे कारखानदार प्रत्येक कामगार कायद्याच्या वेळी म्हणत आले आहेत. ज्याला काही महिन्यांचा पगार अनामत ठेवण्याची ऐपत नाही त्याने क्लब काढू नये हे उत्तम. कारण महाराष्ट्राने असे क्लब पुष्कळ पाहिले, आणि त्यांच्या नावाचे अंगरखे आजही पुण्या-मुंबईच्या घराघरांत कपाटाच्या तळाशी पडून आहेत.

१४ फेब्रुवारीला शिटी वाजली म्हणून तंटा मिटला असे समजणे आत्मवंचना ठरेल. त्या दिवशी जे झाले तो तह होता, निवाडा नव्हता. मंत्र्याच्या शब्दावर सुरू झालेली लीग मंत्र्याच्या शब्दाअभावी थांबूही शकते. मजूर हा विषय घटनेने केंद्राबरोबर राज्यालाही दिलेला आहे, आणि माथाडी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राने स्वतः पाऊल टाकले होते. आपल्या राज्यात नोंदलेल्या व्यावसायिक खेळाडूंपुरते तरी असे मंडळ शासनाने स्थापावे, आणि ज्यांची मुले देवळालीपासून कोल्हापूरपर्यंतच्या मैदानांवर संध्याकाळी चेंडू तुडवतात त्या पालकांनी करारावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: पगार थकला तर आम्ही कोणाच्या दारात जायचे? ज्या क्लबाला या प्रश्नाचे एका नावात उत्तर देता येत नाही, त्या क्लबाच्या कागदावर मुलाची सही होऊ देऊ नये.